तीन रकान्यांचा पाहुणा

चन्नबसप्पा हिरेमठ मास्तरांचे नाव आधी लिहितो आणि मग प्रवासाकडे वळतो. मैंदर्गीच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवायला कोणी नव्हते. मास्तरांनाही ते फारसे येत नव्हते. ते घरी बसून पुढचा धडा स्वतः शिकत आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवत. एखादा शब्द अडला तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. "हा मला येत नाही, उद्या सांगतो," म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी खरेच सांगत. माझे वडील अंबाडीचे दोर वळतात. आई अंगठा उठवते. त्या घरातला मी बी. ए. झालो आणि त्याच इंग्रजीच्या जोरावर एका परदेशी पाहुण्याचा दुभाषी म्हणून आठ दिवस हिंडलो. मास्तर आता मुलीकडे गुलबर्ग्याला असतात. त्यांना पाठवलेले पत्र शेवटी जोडले आहे.

वाचक म्हणतील, टेंभुर्णी, बार्शी, मैंदर्गी हा काय प्रवास झाला? हा तर आपलाच जिल्हा. मलाही आधी तसेच वाटले होते.

सोलापूर

दुष्काळानंतर पाऊस चांगला झाला होता. दुष्काळातून वाचलेली मेंढरे आता ओल्या चाऱ्याने आणि डबक्यांच्या पाण्याने जंत होऊन मरू लागली होती. म्हणून अमेरिकेहून एक पशुवैद्य काही आठवड्यांसाठी येणार होता. त्याच्या औषधाच्या चार पेट्या आधीच येऊन एका सरकारी कचेरीच्या कोठारात पडल्या होत्या. त्याच कचेरीने मला दुभाषी म्हणून तात्पुरते नेमले होते.

स्टेशनावर मी पुठ्ठ्यावर 'डॉ. रफाएल' असे लिहून उभा राहिलो. अमेरिकेचा पाहुणा म्हणजे गोरा, उंच, लाल गालांचा, असे मनाशी पक्के धरले होते. गाडी रिकामी झाली तरी असा कोणी उतरला नाही. फलाटावर एक काळा, दाट कुरळ्या केसांचा तरुण पिशवीवर बसला होता. त्याच्याजवळून मी दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवले आणि मग स्वतःच्या छातीवर.

मी ओशाळून माफी मागू लागलो. तो हसला. "तुम्ही दोनदाच गेलात. न्यूयॉर्कला माझ्या मावशीचे शेजारी चारदा जातात."

मावशीच्या शेजाऱ्यांना तो ओळखू का येत नाही, हे मला तेव्हा कळले नाही. 

कचेरीत हेडक्लार्क गड्डम साहेबांनी पाहुण्याला चहा दिला, खुर्ची दिली आणि पेट्या मात्र अडवल्या. मला बाजूला घेऊन त्यांनी मुंबईहून आलेला कागद दाखवला. नागरिकत्व: अमेरिकन. वंश: निग्रो. मातृभाषा: स्पॅनिश.

"हे बघा शिवशरण," ते म्हणाले, "निग्रो म्हणजे आफ्रिका. स्पॅनिश म्हणजे स्पेन. पासपोर्ट अमेरिकेचा. एका माणसाला तीन देश? उद्या वरून विचारलं, हा नेमका कुठला, तर मी काय सांगू?"

"साहेब, माणूस समोर उभा आहे."

"माणूस उभा आहे हो. कागद उभा राहत नाही ना!"

त्यांनी फायलीवर लाल शाईने लिहिले, 'खुलासा मागवावा.' खुलासा मुंबईहून यायला पंधरा दिवस. तोवर आम्ही दौरा करावा, कळप पाहावेत, पण पेट्या मिळणार नाहीत.

खरे सांगायचे तर मला साहेबांची शंका रास्त वाटली. स्पॅनिश बोलणारे लोक म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जातीसारखी एक जात, सगळ्यांची चेहरेपट्टी एक, अशीच माझी समजूत होती. त्यात हा माणूस बसत नव्हता. मी गप्प राहिलो.

टेंभुर्णी

जीपचा ड्रायव्हर याकूब. सोलापूरचाच, घारे डोळे, गाल असे की उन्हात लाल होतात. टेंभुर्णीच्या चौकात जीप थांबली तेव्हा पंचवीसएक मेंढपाळ आणि दोन ताशेवाले आमची वाट पाहत होते. पुढच्या बाजूने याकूब उतरला. ताशे सुरू झाले. एका म्हाताऱ्याने पुढे होऊन त्याच्या गळ्यात झेंडूचा भला मोठा हार घातला.

"अरे मई नई, बाबा! मई तो ड्रायवर हूँ!" याकूब ओरडला.

"आरं, हिंदी बी येतंय की सायबाला!" गर्दीतून कोणीतरी कौतुकाने म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मी ओरडून सांगितले की अमेरिकेचे डॉक्टर हे, मागे बसलेले. म्हाताऱ्याने रफाएलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "चेष्टा नगा करू, दादा. हे तर आमच्यातलंच दिसतंय."

शेवटी याकूबनेच हार काढला आणि रफाएलच्या गळ्यात घातला. "लो साब, तुमारा माल. मेरेकू नक्को." सगळे हसले. रफाएलही पोट धरून हसला. कळप पाहून झाले, गुळाचा चहा झाला. पुढे बार्शीच्या वाटेवर हार त्याच्या मांडीवर होता. तो एकेक पाकळी सरळ करत बसला.

बार्शी

बार्शीच्या धान्यबाजारात आडतीसमोर तुरीची पोती उघडी होती. रफाएल एकदम थांबला, मूठभर तूर उचलून नाकाशी नेली आणि ओरडला, "गांदुलेस!"

आडत्या दचकला. "काय झालं हो? किडा निघाला काय?"

किडा नव्हता. तुरीला त्याच्या घरी 'गांदुलेस' म्हणतात. रफाएलचे घर समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, पोर्तो रिकोला. बेट अमेरिकेच्या ताब्यात, भाषा स्पॅनिश. तिथे नाताळात प्रत्येक घरी भात आणि हिरवे तुरीचे दाणे एकत्र शिजतात. आडत्याला हे सांगितले तेव्हा तो गादीवर सरकून बसला आणि म्हणाला, "मग परदेशी कसला हो? तूर खातो म्हणजे आपलाच. बसवा त्यांना." मागच्या बाजूला ओल्या तुरीच्या शेंगा होत्या. त्याही आल्या.

दुपारी खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना रफाएलने खिशातून एक फोटो काढला. मध्ये आई. एका बाजूला रफाएल. दुसऱ्या बाजूला अगदी गोरा, सोनेरी केसांचा एक जण.

"हा तुमच्या बहिणीचा नवरा का?" मी विचारले.

"माझा सख्खा धाकटा भाऊ."

मी फोटो पुन्हा हातात घेतला. रफाएलने भाकरीचा तुकडा मोडून चटणीत घोळवला आणि सांगू लागला. त्याच्या बेटावर मूळचे रहिवासी होते, स्पेनहून आलेले लोक होते, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले होते. तीनशे-चारशे वर्षांत सगळ्यांचे रक्त मिसळले. एका घरात तीन रंगांची मुले जन्मतात. पण पाळण्यातली गाणी, शिव्या, देवाची प्रार्थना, तुरीचा भात, सगळे स्पॅनिश.

"भाऊ आणि मी न्यूयॉर्कला गेलो. कागदांवर भाऊ गोरा, मी निग्रो. आई तीच. भाऊ स्पॅनिश बोलला की लोक म्हणतात, अच्छा, तुम्ही स्पॅनिश लोकांतले. मी बोललो की म्हणतात, ही भाषा कुठे शिकलास? काळ्या मुलांनी मला त्यांच्यातला मानले नाही, कारण माझी बोली वेगळी. स्पॅनिश बोलणाऱ्या म्हाताऱ्या माझ्याशी इंग्रजीत बोलतात. मी त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिले की दचकतात."

"मग तुम्ही नक्की कोण?" मी विचारले, आणि आपण गड्डम साहेबांसारखेच बोललो हे तोंडातून शब्द गेल्यावर कळले.

तो रागावला नाही. "तिकडे आता सरकारी कागदांत 'हिस्पॅनिक' असा एक शब्द यायला लागला आहे. तो वंशाचा शब्द नव्हे. माणूस कोणत्या घरातून, कोणत्या भाषेतून, कोणत्या चालीरीतीतून आला, ते त्यात येते. गोरा माणूस हिस्पॅनिक असतो, काळा असतो, मूळच्या रहिवाशांच्या वंशाचाही असतो. वंश हा निराळा प्रश्न. लोक दोन प्रश्न एकच समजतात आणि उत्तर जुळले नाही की म्हणतात, तू खोटा."

शिकत असताना बार्शीच्या वसतिगृहात मला मुले 'कानडी आप्पा' म्हणत. गुलबर्ग्याला मामाकडे गेलो की मामेभाऊ मला 'मराठी' म्हणून चिडवत. आमच्या मैंदर्गीत कानडी बोलणारा लिंगायत आहे, कानडी बोलणारा मुसलमान आहे, कानडी बोलणारा धनगर आहे. चेहऱ्यावरून भाषा कळत नाही आणि भाषेवरून जात. हे मला लहानपणापासून माहीत होते, आणि तरी मी फलाटावर त्याच्याजवळून दोनदा गेलो होतो. मी त्याला हे सगळे सांगितले.

त्याने मान हलवली, पण एक गोष्ट बजावली. "तुमची जात आणि आमचा वंश सारखे धरू नका. तुमची जात नाव विचारल्यावर कळत असेल. माझा रंग मी नाव सांगायच्या आधीच पोचलेला असतो. आणि आमच्या बेटावर लोक म्हणतात, आमच्यात रंगाचा भेद नाही, आम्ही सगळे एक. तेही खरे नाही. आजी भावाला उन्हात जाऊ देत नसे. मला कधी अडवले नाही."

त्याने फोटो खिशात ठेवला आणि भाकरी संपवली.

मैंदर्गी

माझ्या गावी पोचलो त्या दिवशी मी जरा ताठ चालत होतो, हे कबूल करतो. आईने हुग्गी केली होती, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. रफाएलने तीन वाट्या खाल्ल्या. आईला इंग्रजी येत नाही, त्याला कानडी येत नाही. चौथी वाटी तिने न विचारता वाढली.

दुपारी ओढ्याकाठच्या रानात मायव्वाच्या कळपाकडे गेलो. नवरा गेल्यावर या बाईने एकटीने वाढवलेली एकेचाळीस मेंढरे. आठवड्यात चार मेली होती. उरलेली बसून होती आणि काहींच्या जबड्याखाली पाण्याने भरलेली पिशवी लोंबत होती. मायव्वाला दुसरे काही नाही. शेत नाही, मुलगा नाही. हा कळप गेला तर तिला लोकांच्या रानात खुरपायला जावे लागणार होते.

ती अर्धे कानडी, अर्धे मराठी बोलते आणि मला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते. "यारु इवा?" तिने मला विचारले. हा कोण?

"अमेरिकेचे डॉक्टर आहेत, मायव्वा."

"काय सांगतोस, तम्मा! अमेरिकेचा? ह्यो तर आमच्या नागणसूरच्या पावण्यांतला वाटतोय. कचेरीनं कुनाला तरी प्यांट घालून धाडलंय."

रफाएलला मी हे भाषांतर करून सांगितले नाही. तो तोवर खाली बसलाच होता. त्याने एका मेंढीची मान काखेत धरली आणि खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत लाल दिसायला हवे तिथे चुन्यासारखे पांढरे होते. मग हिरडी पाहिली, तोंडाचा वास घेतला, लेंडी बोटांत चुरडली. मायव्वा कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"माझा बाप असंच बगायचा," ती हळूच म्हणाली. "हात मेंढरातला हाय ह्येचा. अमेरिकेचा असू दे न्हायतर कुटला. इच्यार त्येला, वाचतील का?"

विचारले. रफाएल म्हणाला, "औषध आज-उद्या पोटात गेले तर बहुतेक सगळी. चार दिवसांनी गेले तर निम्मीसुद्धा उठणार नाहीत."

"मग औषध एल्ली? कुटं हाय?" मायव्वा.

औषध सोलापुरात, कोठारात. का? कागदासाठी. मला हे तिच्या तोंडावर सांगावे लागले.

"कागदाला जंत व्हत न्हाईत, तम्मा," ती म्हणाली. "मेंढराला व्हत्यात."

पुन्हा सोलापूर

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच आम्ही तिघे दारात होतो. मी आजवर कोणत्याही साहेबाला उलटून बोललेलो नव्हतो. गड्डम साहेब खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि मी सुरू केले. हात पाठीमागे बांधले होते.

"साहेब, आपल्या सर्व्हिस बुकात मातृभाषा काय लिहिली आहे?"

"तेलुगू. त्यात काय?"

"जन्मगाव?"

"सोलापूर. साखर पेठ. तुम्ही माझी चौकशी करायला आलात काय?"

"आपली जात पद्मशाली, भाषा तेलुगू, जन्म सोलापूरचा. तीन रकान्यांत तीन गोष्टी. तेलुगू म्हणजे आंध्र, सोलापूर म्हणजे महाराष्ट्र. आपण नेमके कुठले, असा खुलासा कधी कोणी मागवला का?"

खोलीतली टंकयंत्रे थांबली. मला वाटले, झाले, आता तात्पुरती नोकरीही गेली. तेवढ्यात याकूब दारातून म्हणाला, "साब, मेरेकू तो टेंभुर्णी में अमेरिकन बोलके हार डाले! मुँह देखके आदमी कहाँ का है, कैसा समजता?"

एक कारकून फसकन हसला. गड्डम साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मागवला ना खुलासा," ते शांतपणे म्हणाले. "हैदराबादला मेव्हण्याच्या लग्नात. पंगतीत म्हणाले, ही कसली तेलुगू, तुम्ही तर मराठी माणसं. आणि इथे कुठे भांडण झालं की ऐकायला मिळतं, तुम्ही तिकडचे. पन्नास वर्षांचा झालो, शिवशरण."

मग ते इंग्रजीत थेट रफाएलशी बोलले. "डॉक्टर, तुमचे तुम्हीच सांगा. हा कागद बरोबर आहे का?"

"बरोबर आहे, सर," रफाएल म्हणाला. "काळा मी लांबूनच दिसतो. स्पॅनिश तोंड उघडल्यावर होतो. दोन्ही खरे आहे. एकाने दुसरे खोटे पडत नाही. मला आयुष्यभर लोकांनी यातले एक निवडायला सांगितले. मी कोणतेच सोडले नाही."

गड्डम साहेबांनी फाइल ओढली. लाल शाई बाजूला सारून निळी घेतली आणि प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत लिहिले: "वंश, मातृभाषा व नागरिकत्व हे तीन रकाने परस्परांहून भिन्न असून एकाचा दुसऱ्यास बाध येत नाही. सबब खुलाशाची आवश्यकता नाही. पेट्या तात्काळ द्याव्यात."

'तात्काळ'खाली त्यांनी दोन रेघा मारल्या. सरकारी टिपणी वाचून डोळे भरून येतात असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

पुन्हा मैंदर्गी

याकूबने जीप अशी हाकली की अक्कलकोट केव्हा गेले ते कळले नाही. रफाएलकडे औषध पाजायची चकचकीत पिचकारी होती. पहिल्याच मेंढीने ती उडवली आणि ती दगडावर आपटून वाकली. मी घाबरलो. मायव्वाने शांतपणे आपली बांबूची नळी पुढे केली. रफाएलने औषध मापून तिच्यात ओतले, जिथवर आले तिथे चाकूने बाहेरून खूण केली आणि नळी परत मायव्वाच्या हातात दिली. मग तिने पाजायचे, त्याने जबडा धरायचा, मी पाजून झालेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा ठिपका द्यायचा आणि याकूबने ती पलीकडे ढकलायची. ऊन कलेपर्यंत सदतीस ठिपके झाले.

"उसको दो बार दिया क्या?" याकूबने एकदा विचारले.

"डोळं फुटलं का तुजं? ठिपका बग की!" मायव्वा खेकसली. हेच तिचे आभार होते असे याकूब नंतर सांगत फिरला.

आम्ही दोन दिवस गावातच थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर गेलो तर रान रिकामे. मी वळून पाहिले. मायव्वा लांब टेकाडावरून हात हलवत होती, आणि तिच्यामागे कळप उभा होता. चरत होता. सदतीसच्या सदतीस. रफाएलने टोपी हवेत फेकली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडला. त्याचा अर्थ मी विचारला नाही. मीही कानडीत ओरडलो.

मास्तरांना पाठवलेले पत्र

गुरुवर्य हिरेमठ मास्तर यांस,

शिवशरणचे शरणू.

आपली प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. मायव्वाची उरलेली सगळी मेंढरे वाचली, ही बातमी आपल्याला गावाकडून कळलीच असेल. मी तिथे होतो, हे मात्र मी स्वतः कळवतो.

मास्तर, मी आजवर समजत होतो की इंग्रजी येणे म्हणजे मोठ्या माणसांपुढे नीट बोलता येणे. कचेरीत उभा राहिलो तेव्हा इंग्रजीचा उपयोग फार थोडा झाला. जे बोललो ते आपल्याच गावचे होते, पण ते बोलायचे असते हे मला एका परदेशी माणसाच्या गोष्टीने कळले. त्याला लोक खोटा म्हणत होते आणि तो खरा होता. पहिल्या दिवशी मीही गप्प बसलो होतो, आणि त्यामुळे औषध चार दिवस कोठारात राहिले. ही चूक आपल्यापासून लपवत नाही.

रफाएल पुढच्या जिल्ह्यांच्या दौऱ्यासाठी काल मुंबईला गेला. मायव्वा बसथांब्यापर्यंत आली आणि तिने स्वतः विणलेली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. तो म्हणाला, एवढ्या उन्हात? ती म्हणाली, ही उन्हासाठी न्हवं, आमच्या मान्साला देतात ती हाय. हे भाषांतर मी शब्दाला शब्द केले.

आता महत्त्वाचे. अजून तीन पेट्या शिल्लक आहेत, आणि दुधनीच्या बाजूला पाच कळप आजारी आहेत. रफाएलने प्रमाण, पापणी, हिरडी सगळे मला दाखवले आहे. गड्डम साहेबांनी आज पेट्या माझ्या ताब्यात दिल्या. आमच्या घरात सरकारी मालाच्या ताब्यावर सही करणारा मी पहिलाच. वडिलांनी तो कागद दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला आणि पेट्या बांधायला नवीन दोर वळून दिला.

सकाळच्या गाडीने निघतो. पाच कळपांचे काय झाले ते परत आल्यावर लिहीन.

आपला विद्यार्थी,
शिवशरण